मधल्या बाकावरचा मुलगा

मुलांनो, खरं खरं सांगा. तास चालू असताना तुम्ही कधी चिठ्ठी फिरवली आहे की नाही? घाबरू नका, मी शिक्षक असलो तरी आज रागावणार नाही. उलट आज त्या चिठ्ठीबद्दलच बोलायचं आहे.

पहिल्या बाकावरच्या मुलीला शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीला काही कळवायचं असतं. ती चिठ्ठी लिहिते, घडी घालते आणि मागे सरकवते. चिठ्ठी एका हातातून दुसऱ्या हातात असा प्रवास करते. पण वाटेत मधल्या बाकावर एक मुलगा बसलेला असतो. सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच हातून जातात. आता समजा, त्या मुलाने चिठ्ठ्या उघडून पाहायला सुरुवात केली. "ही अभ्यासाची, जाऊ दे लवकर. ही खेळाची, राहू दे अर्धा तास माझ्या दप्तरात!" असं तो ठरवू लागला, तर?

तुम्ही काय कराल? चिठ्ठी त्याला कळणार नाही अशा खुणांच्या भाषेत लिहाल, हो ना?

अगदी हीच गोष्ट इंटरनेटवर घडली आहे. तीच आज ऐका.

तुकड्यातुकड्यांची गंमत

इंटरनेटवर आपण जे काही पाठवतो, मग तो फोटो असो, गाणं असो की नुसता 'कसा आहेस?' असा निरोप असो, ते सलग जात नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. ही पॅकेटं आधी जातात आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे. तिथून पुढे जगभर. म्हणजे मधल्या बाकावरचा मुलगा कोण, ते ओळखलंत ना? इंटरनेट पुरवणारी कंपनी!

आता दुसरी गंमत पाहा. समजा, एका माणसाकडे एक मोठी फाइल आहे आणि ती हजार जणांना हवी आहे. हजार वेळा पाठवायची म्हटली तर त्या एकट्याची दमछाक होईल. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ साली यावर एक छान युक्ती काढली. तिचं नाव बिटटोरंट.

युक्ती अशी. फाइलचे सारख्या मापाचे तुकडे करायचे. १०० मेगाबाइटची फाइल घेतली आणि प्रत्येक तुकडा २५६ किलोबाइटचा ठेवला, तर ४०० तुकडे होतात. मूळ मालकाने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे तुकडे द्यायचे. मग त्या लोकांनी आपापसात देवाणघेवाण करायची. 'तुझा सातवा तुकडा मला दे, माझा बारावा तू घे.' स्टिकर जमवणारी मुलं मधल्या सुट्टीत करतात तसंच! जो इतरांना देतो त्याला इतरांकडून लवकर मिळतं. नुसतं घेत बसणाऱ्याला वाट बघावी लागते. आणि प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा आधीच ठरलेला असतो. तुकडा बिघडलेला असला, तर ठसा जुळत नाही आणि तो तुकडा टाकून दिला जातो.

म्हणजे जितके घेणारे जास्त, तितके देणारेही जास्त. आहे की नाही डोकं?

मधल्या बाकाची तक्रार

पण मधल्या बाकावरच्या मुलाचीही एक बाजू होती, बरं का! ती आपण ऐकलीच पाहिजे.

त्या काळी अमेरिकेत पुष्कळ घरांत टीव्हीच्या केबलमधूनच इंटरनेट येई. एका वस्तीतली बरीच घरं एकाच केबलला जोडलेली असत. लोक घेतात जास्त आणि पाठवतात कमी, असं गृहीत धरून कंपन्यांनी आणण्याचा रस्ता रुंद आणि पाठवण्याचा रस्ता अरुंद ठेवला होता. बिटटोरंटमध्ये मात्र प्रत्येक जण घेतो तसा पाठवतोही, आणि तेही रात्रंदिवस! चाळीतल्या सामाईक नळाला एकाच बिऱ्हाडाने दिवसभर रबरी नळी लावून ठेवली, तर बाकीच्यांच्या बादल्या भरायच्या कशा?

म्हणून जगातल्या काही इंटरनेट कंपन्यांनी बिटटोरंटची पॅकेटं ओळखून त्यांचा वेग मुद्दाम कमी करायला सुरुवात केली. याला इंग्रजीत थ्रॉटलिंग म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणे!

पण ओळखायचं कसं? पहिली खूण होती दाराचा क्रमांक. संगणकात येण्याजाण्यासाठी क्रमांक घातलेली दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बिटटोरंट सुरुवातीला ६८८१ ते ६८८९ ही दारं वापरी. कंपन्यांनी त्या दारांवर पहारा बसवला. लोकांनी दार बदललं. मग कंपन्या पॅकेटच्या आत डोकावू लागल्या. दोन संगणक बिटटोरंटने बोलायला लागले, की आधी एकमेकांना नमस्कार करतात. त्या नमस्काराच्या सुरुवातीला १९ हा आकडा असतो आणि त्यापाठोपाठ 'बिटटोरंट प्रोटोकॉल' ही इंग्रजी अक्षरं. मधली मोकळी जागा धरून ती बरोबर १९ भरतात. चिठ्ठीवर एवढा ठसठशीत शिक्का असल्यावर ओळखायला कितीसा वेळ लागणार?

चिठ्ठीला कुलूप

२००५ साल संपता संपता बिटटोरंट चालवणाऱ्या प्रोग्रामांचे कर्ते विचार करू लागले. अझ्युरियस आणि म्यूटोरंट हे दोन प्रोग्राम खरं तर एकमेकांचे स्पर्धक. पण त्यांच्या कर्त्यांनी एकत्र येऊन एक समान पद्धत ठरवली आणि २००६ मध्ये ती वापरात आली. नमस्कारासकट सगळा मजकूर कुलपात घालायचा! मजकुराला असं कुलूप घालणं म्हणजेच एन्क्रिप्शन. मधल्या बाकावरच्या मुलाने चिठ्ठी उघडली तरी त्याला आत दिसेल अर्थ न लागणारा नुसता गोंधळ. गंमत म्हणजे बिटटोरंटचे जनक कोहेन यांनाच ही कल्पना सुरुवातीला पटली नव्हती.

आता हुशार मुलं लगेच विचारतील, "सर, कुलूप उघडायला किल्ली लागते. ती किल्लीसुद्धा मधल्या बाकावरूनच जाणार ना? मग तो मुलगा किल्लीही पाहील!"

शाबास! हाच खरा प्रश्न. त्याचं उत्तर व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ साली जगापुढे मांडलं. ते इतकं सुंदर आहे, की वही-पेन घेऊन करूनच बघा.

पहिल्या बाकावरची मुलगी सर्वांसमक्ष सांगते, "आपले आकडे २ आणि १३." मधला मुलगा ऐकतो. ऐकू दे.

आता ती मनात एक गुपित आकडा धरते. समजा, ४. चार वेळा २ लिहून गुणाकार करते : २ × २ × २ × २ = १६. त्याला १३ ने भागते. बाकी उरते ३. हा ३ ती चिठ्ठीवर लिहून मागे पाठवते.

शेवटच्या बाकावरची मैत्रीणही मनात गुपित आकडा धरते. समजा, ५. पाच वेळा २ घेऊन गुणाकार ३२. त्याला १३ ने भागून बाकी ६. हा ६ ती पुढे पाठवते.

आता पहिलीला ६ मिळाले. तिचा गुपित आकडा ४, म्हणून ती चार वेळा ६ घेऊन गुणते : १२९६. त्याला १३ ने भागल्यावर बाकी ९.

दुसरीला ३ मिळाले. तिचा गुपित आकडा ५, म्हणून पाच वेळा ३ घेऊन गुणाकार २४३. त्याला १३ ने भागल्यावर बाकी... ९!

दोघींकडे एकच किल्ली आली, ९. आणि ती चिठ्ठीत कुठेच लिहिली नव्हती! मधल्या मुलाने २, १३, ३ आणि ६ हे सगळे आकडे पाहिले. पण ९ काही त्याच्या हातून गेलाच नाही.

अर्थात, एवढ्या लहान आकड्यांत तो एकेक आकडा लावून बघत शोधून काढील. म्हणून बिटटोरंटच्या कुलपात पहिला आकडा आपल्यासारखाच २ असला, तरी भागायचा आकडा २३२ अंकी आहे. लिहायला बसलात तर वहीच्या कितीतरी ओळी भरतील. एकेक आकडा लावून बघणाऱ्याने खुशाल बघत बसावं!

पण पाकीट उघडंच

मग प्रश्न सुटला का? नाही ना!

एक तर चिठ्ठी वाचता आली नाही तरी तिची चाल दिसते. एक मुलगी एकाच वेळी चाळीस जणांना चिठ्ठ्या पाठवते आहे आणि चाळीस जणांकडून तिला येताहेत, हे पाहिलं की न वाचताही अंदाज येतो. कंपन्यांची यंत्रं तसा अंदाज बांधू लागली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कुलूप असतं मजकुराला. चिठ्ठी कोणाकडून आली, कोणाला द्यायची, हे वरच्या घडीवर उघडंच लिहावं लागतं, नाहीतर ती पोचणार कशी? दोन संगणकांचं बोलणं एकदम तोडायचं असलं, तर 'आता बंद' अशी खूणही याच वरच्या उघड्या भागात असते. ती खूण मधल्यानेच खोटी लिहून घातली तर? आतल्या कुलपाचा काहीच उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, असं खोटं कोण करील?

जुनी गाणी अडली, त्याची गोष्ट

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात रॉब टोपोलस्की नावाचे संगणक-जाळ्यांचे जाणकार राहत. त्यांना एक छंद होता. कोणतंही वाद्य न घेता चौघांनी चार सुरांत मिळून गायची एक जुनी पद्धत तिकडे आहे, बार्बरशॉप म्हणतात तिला. त्या प्रकारची फार जुनी, कोणाचाही हक्क उरलेला नाही अशी गाणी टोपोलस्की यांनी २००७ मध्ये बिटटोरंटवरून लोकांना द्यायला घेतली. पण ती कोणाला पोचेचनात! जोडणी व्हायची आणि लगेच तुटायची.

दुसरा एखादा वैतागून उठला असता. टोपोलस्की यांनी मात्र येणारी-जाणारी पॅकेटं टिपून ठेवणारा प्रोग्राम लावला आणि एकेक पॅकेट तपासलं. पाहतात तो काय! 'आता बंद' अशी खूण असलेली पॅकेटं येत होती. नाव समोरच्या संगणकाचं, पण ती त्याने पाठवलेलीच नव्हती. मधेच कोणीतरी बनवून घातली होती. ते मधले कोण? त्यांची इंटरनेट कंपनी, कॉमकास्ट.

वर्गातच पाहा ना. मधल्या बाकावरच्या मुलाने चिठ्ठी नुसती अडवली नाही. तुमच्या मैत्रिणीच्या नावाने 'मला तुझ्याशी बोलायचं नाही' अशी चिठ्ठी लिहून तुम्हाला दिली आणि तुमच्या नावाने तशीच तिला दिली! तुम्ही दोघी बसलात एकमेकींवर रुसून.

टोपोलस्की यांनी आपले पुरावे सर्वांपुढे ठेवले. पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी बायबलची जुनी इंग्रजी प्रत निवडली, म्हणजे कोणाचा हक्क मोडण्याचा प्रश्नच नको. तीन प्रयत्नांपैकी दोन वेळा बायबल अडलं, तिसऱ्या वेळी दहा मिनिटं उशिराने निघालं. १९ ऑक्टोबर २००७ ला ही बातमी आली आणि देशभर गाजली. कंपनीचं म्हणणं होतं, "आम्ही काही अडवत नाही, गर्दी झाली तर थोडा उशीर करतो, एवढंच."

जागा धरायला माणसं!

अमेरिकेत अशा गोष्टींवर देखरेख ठेवणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन आहे. त्या आयोगाने २५ फेब्रुवारी २००८ ला हार्वर्ड विद्यापीठात सुनावणी ठेवली. सभागृह भरून गेलं, कित्येकांना आत जागाच मिळाली नाही. नंतर उघड झालं, की कॉमकास्टने पैसे देऊन काही माणसं जागा धरायला बसवली होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच म्हणा ना! आमच्या कर्मचाऱ्यांसाठी जागा धरल्या, असा कंपनीचा खुलासा होता.

१ ऑगस्ट २००८ ला आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : हे थांबवा, आणि गर्दी कशी हाताळता ते ग्राहकांना स्पष्ट सांगा. पण गोष्ट इथे संपत नाही. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने म्हटलं, की असा हुकूम देण्याचा अधिकार आयोगाने सिद्ध केलेला नाही, आणि निकाल रद्द झाला. २०१५ मध्ये आयोगाने नवे कडक नियम केले, २०१७ मध्ये आयोगानेच ते रद्द करायचं ठरवलं, २०२४ मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा रद्द ठरवले. खो-खोच्या खांबाभोवती धावावं तसं हे चाललं आहे.

मग गर्दीचं काय झालं?

हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. मोठे लोक कोर्टात भांडत होते, तेव्हा दोन्हीकडच्या जाणकारांनी शांतपणे दोन कामं केली.

कॉमकास्टने २००८ संपता संपता आपली पद्धत बदलली. चिठ्ठी कसली आहे, हे बघायचंच नाही! फक्त खरोखर गर्दी झाली असेल तेव्हा, त्या वेळी सगळ्यांत जास्त जागा व्यापणाऱ्या ग्राहकाला थोडा वेळ मागे उभं करायचं. मग तो गाणी पाठवत असो की घरचे फोटो. आणि ही पद्धत नेमकी कशी चालते, ते त्यांनी जाहीर लिहून सर्वांपुढे ठेवलं.

बिटटोरंटवाल्यांनीही आपल्या प्रोग्रामला एक चांगली सवय लावली. पॅकेट पोचायला किती वेळ लागतो, हे तो सतत मोजत राहतो. सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशीर होऊ लागला, की समजतो रस्त्यावर गर्दी झाली आणि आपणहून बाजूला सरकतो. गर्दी ओसरली, की पुन्हा वेगाने निघतो. २०१० मध्ये ही सवय म्यूटोरंटमध्ये आली. नळाला नळी लावलेल्याने, शेजारीण बादली घेऊन येताना दिसली की स्वतःच नळी काढायची, तसंच हे!

पाहिलंत? एकाने कुलूप लावलं, तर दुसऱ्याने खोटी सही केली. या उंदीर-मांजराच्या खेळाने गर्दी तसूभरही कमी झाली नाही. ती कमी व्हायची तर मधल्याला प्रामाणिक व्हावं लागलं आणि चिठ्ठ्या पाठवणाऱ्याला समंजस.

आपल्याकडे

आपल्याकडेही हा प्रश्न आला होता. २०१५ मध्ये लाखो लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला ईमेल पाठवून सांगितलं, की इंटरनेटवर पंक्तिप्रपंच नको. पंक्तिप्रपंच म्हणजे ठाऊक आहे ना? एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजाऱ्याला कोरडा भात. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. पुढे मजकूर पाहून वेग कमी-जास्त करू नये, अशा शिफारशी २०१७ मध्ये झाल्या आणि २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य केल्या. याच तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बिटटोरंटवर चोरलेले सिनेमे आणि गाणीही पुष्कळ फिरतात. चोरीची वस्तू कुलपात ठेवली म्हणून ती आपली होत नाही. कुलूप वाईट नाही. तुमचं बँकेचं पासबुक, तुमच्या आजीचा निरोप, डॉक्टरांचा कागद हे सगळं आज इंटरनेटवर कुलपातच जातं आणि तसंच जायला हवं. पण कुलपामागे काय ठेवायचं, हे ठरवायचं आपण.

आणि उद्या कधी तुम्ही मधल्या बाकावर बसलात, कोणाचा निरोप, कोणाचं पत्र, कोणाचा विश्वास तुमच्या हातून जायचा असला, तर तो न उघडता पुढे द्या. हात भरले असतील तर "जरा थांबा" असं तोंडाने सांगा. दुसऱ्याच्या नावाने मात्र काही लिहू नका.

करून बघा

उघड आकडे तेच, २ आणि १३. पहिलीचा गुपित आकडा २, दुसरीचा ३. दोघी एकमेकींना कोणता आकडा पाठवतील? आणि किल्ली कोणती तयार होईल? आधी स्वतः सोडवा, मगच पुढची ओळ वाचा!

(उत्तर : पहिली ४ पाठवील, दुसरी ८ पाठवील, किल्ली १२.)